ज्युनिपरचा बुंधा पेन्सिलएवढाच राहतोय: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

लक्षणं

बोन्साय म्हणून कुंडीत वाढवलेलं ज्युनिपर (एक सदाहरित सूचिपर्णी झाड) हिरवं आहे, दर मोसमात थोडं फुटतंही, पण बुंधा दोन-तीन वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे. हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला खालचं काही दिसतंय का ते बघा आणि लिहून ठेवा. पुढं कुठल्या तपासणीवर जास्त वेळ घालवायचा ते त्यावरून ठरतं.

• फांद्या लांबट आणि विरळ झाल्यात, आतली पानं तपकिरी होऊन गळतात, हिरवं फक्त टोकाला उरलंय.
• खवल्यांसारख्या मऊ पानांत मधेच टोचरी, सुईसारखी पानं फुटलीत. (प्रोकम्बेन्स ‘नाना’ या जातीची पानं मुळातच टोचरी असतात, तिथं हे लक्षण धरू नका.)
• पानांवर धूळ बसल्यासारखा राखाडी रंग, धुतला तरी जात नाही.
• पाणी घातलं की कुंडीवर तळं साचतं.
• बुंधा बोटानं हलवला की झाड मातीत डुगडुगतं.
• बुंध्यावर एकाच जागी फुगवटा आलाय, त्याच्या खाली खोड बारीक आहे.

यातलं काहीच नसेल आणि नुसता बुंधा अडलेला असेल, तर झाड आजारी नाही. त्याला वाढूच दिलेलं नाही. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ झाडांचं असंच असतं.

मी बेळगावात शहापूरला राहते. गच्चीवर चाळीसेक बोन्साय आहेत, त्यातली अकरा ज्युनिपर. एक दुखणं बरं केलं की त्याची बातमी पसरते, म्हणून खानापूर, निपाणी, चंदगड कुठून कुठून लोक कुंड्या घेऊन येतात आणि तक्रार एकच असते. गेल्या संक्रांतीला निपाणीचा एक मुलगा आला. नात्यातला नाही, पण पहिल्याच भेटीत काकू म्हणाला. मोटरसायकलवर पुढं खोकं बांधून, त्यात निळी उथळ कुंडी. “काकू, चार वर्षं झाली बघा. पाणी घालतोय, खत घालतोय, वेळच्या वेळी कातरतोय. बुंधा काय हलंना.” झाड नीटनेटकं होतं, हिरव्या ढगांसारखे गुच्छ केलेले. शिंप्याची टेप गुंडाळून बघितलं तर घेर अडीच सेंटिमीटर, म्हणजे जाडी जेमतेम आठ मिलिमीटर. त्याच्या झाडावर काय काय सापडलं ते पुढं येईलच.

आधी एक गोष्ट समजून घ्या

खोड पानांनी जाड होतं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. तो आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. त्याला लागणारी साखर पानांतून येते आणि ‘काम सुरू कर’ हा निरोप वाढत्या शेंड्यांतून खाली उतरणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक देतं. म्हणून बुंध्याची जाडी त्याच्या वर किती पानं आहेत आणि किती शेंडे मोकळे वाढताहेत यावर ठरते. लहान, सुबक, कातरलेल्या झाडाचा बुंधा जाड होण्याची वाट बघणं म्हणजे चूल विझवून भाकरी फुगण्याची वाट बघणं. आधी बुंधा, मग फांद्या, मग सुबकपणा. बाजारातलं बोन्साय हा क्रम उलटा करून आपल्या हातात येतं, म्हणून बहुतेकांची सुरुवातच अडते.

आता तपासण्या. एक उपाय केल्यावर लगेच दुसरा करू नका. ज्युनिपर सावकाश प्रतिक्रिया देतं; दोन उपाय एकदम केले तर कशाचा गुण आला आणि कशानं बिघडलं ते कळत नाही.

१. मोजा

खर्च काही नाही. जमिनीपासून चार बोटं वर बुंध्यावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या, तिथं दोरा गुंडाळा, दोऱ्याची लांबी मोजा, ३.१४ नं भागा. तारीख घालून वहीत लिहा. दरवर्षी संक्रांतीला तीच जागा, तसाच दोरा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कारण वरची पानं दाट झाली की तोच बुंधा बारीक दिसायला लागतो. मागची नोंद नसेल तर जुना फोटो काढा आणि कुंडीच्या काठाशी तुलना करा. वर्षाला एखादा मिलिमीटरसुद्धा वाढ असेल तर झाड चालू आहे, फक्त कमी चाललंय. काहीच नसेल तर पुढं चला.

२. वरची माती बाजूला करून बुंध्याचं मूळ बघा

दहा मिनिटांचं काम, आणि यानं सगळ्यात जास्त लोक चकित होतात. नर्सरीत रोप वाढताना दरवेळी वरून माती टाकली जाते, बुंध्याचा पसरट पाया खाली गाडला जातो. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं वरची माती हळूहळू बाजूला करा. जाड मुळं जिथून फुटतात ती जागा दिसली की थांबा. वर केसासारखी मुळं असतील तर ती एकदम ओरबाडू नका. बुंध्याला खाली भरपूर मुळं आहेत याची खात्री झाल्यावरच, थोडी थोडी, दोन-तीन महिन्यांत काढा.

हे करताना आणखी एक गोष्ट शोधायची: दोरी. निपाणीच्या त्या झाडाची माती मी बाजूला करत गेले. बोटभर खाली बुंधा चौदा मिलिमीटर होता. तो मुलगा बघतच राहिला. आणि बरोबर त्या जागी, सालीत अर्धी रुतलेली, हिरवी नायलॉनची दोरी. कधीतरी रोपाला काठीचा आधार देताना बांधली असणार, मग ती मातीखाली गेली. तिच्यावरच्या बाजूला सालीचं ओठासारखं वळ आलं होतं. पानातली साखर सालीतून खाली उतरते. फास बसला की ती तिथं अडते, वर फुगवटा येतो आणि खालची मुळं उपाशी राहतात. नखं कापायच्या छोट्या कात्रीनं दोरी दोन ठिकाणी तोडली आणि तुकडे चिमट्यानं काढले. एक तुकडा सालीत पूर्ण बुडाला होता, तो तसाच ठेवला. ओढून काढला असता तर जिवंत साल सोलून आली असती. फास एकदा तुटला की मधे राहिलेला तुकडा अपाय करत नाही.

तारेचंही तसंच. वळण द्यायला गुंडाळलेली तार वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी बघा. रुतायला लागली की उलगडू नका, वेढ्यावेढ्याला कापून काढा. काही जाणकार ज्युनिपरवर मुद्दाम तार थोडी रुतू देतात, त्यानं खोड जाड आणि पिळदार दिसतं. पण तार स्प्रिंगसारखी वेढे घेत चढलेली असते म्हणून ते चालतं. गोल कडं बसलं की वरचं झाड जातं.

३. ऊन

ज्युनिपर घरात जगत नाही. हॉलमधल्या टीपॉयवर, खिडकीच्या आत, एसीसमोर, कुठंच नाही. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं, बाराही महिने, थंडीतही. घरात ठेवलेलं झाड दोन-तीन महिने हिरवं दिसतं आणि तेवढ्यानं माणूस फसतो, कारण ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे रंग सोडत नाही. लांबट फांद्या आणि आतून तपकिरी ही लक्षणं असतील तर इथंच थांबा, आधी जागा बदला. सावलीतून एकदम वैशाखाच्या उन्हात मात्र ठेवू नका. आठ दिवस सकाळचं ऊन, मग हळूहळू दिवसभराचं.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गच्ची तापते तेव्हा झाडापेक्षा कुंडी जास्त भाजते. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, झाड उन्हातच राहू द्या. आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, त्याला इलाज नाही. त्या दिवसांत बुंधा हलला नाही तर काळजी करू नका.

४. कात्री

इथं मी थोडं थांबणार आहे, कारण बहुतेक झाडं इथंच अडलेली असतात.

बोन्साय म्हणजे सतत खुडणं, असं आपल्या मनात बसलंय. तयार झालेल्या झाडाला ते थोडंफार लागू आहे. बुंधा करायच्या वयातल्या झाडाला ते विष आहे. प्रत्येक खुडलेला शेंडा म्हणजे कँबियमकडं न पोचलेला निरोप. ज्युनिपरची ताकद साठते ती मुख्यतः पानांत. पिंपळ किंवा बोगनवेल बुंध्यात आणि मुळांत पुरेसं साठवून ठेवतात, सगळी पानं काढली तरी परत फुटतात. ज्युनिपरची पानं काढली तर त्याची पुंजीच काढून घेतली. खवल्यांची पानं असलेल्या झाडावर टोचरी पानं आली तर समजा की कातरणं जास्त झालंय, झाड घाबरून बाळपणातल्या पानांवर परत गेलंय. ती टोचरी पानं उपटू नका. दोन-तीन मोसम मोकळं सोडलं की त्यातूनच परत मऊ पानं निघतात.

तेव्हा उपाय असा: कमीत कमी दोन वर्षं, जमलं तर तीन, शेंडे कापायचे नाहीत. झाड झिपरं दिसेल. पाहुणे विचारतील. दिसू द्या.

अपवाद दोनच. एकाच जागेतून तीन-चार फांद्या चक्रासारख्या निघाल्या असतील तर त्यातली एक किंवा दोन ठेवा, बाकीच्या काढा, नाहीतर तिथं गाठ फुगते आणि खालपेक्षा वरचा भाग जाड होतो. तो दोष नंतर दुरुस्त करणं फार कठीण. दुसरा अपवाद म्हणजे आतली वाळकी पानं. ती बोटानं झाडून टाका, म्हणजे आत हवा आणि ऊन जाईल.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. वडाला, उंबराला बुंधा जाड करायला खोड मधेच तोडतात, खालून नवे फुटवे येतात. ते बघून ज्युनिपरचं खोड तोडू नका. ज्या भागात हिरवं पान उरलेलं नाही तो भाग ज्युनिपर सोडून देतं. उघड्या जुन्या लाकडातून त्याला फुटवा येत नाही म्हणूनच धरा. फांदीवरची सगळी पानं काढली तर ती फांदी मेली. खोड तोडून खाली हिरवं नाही उरलं तर झाड मेलं. अशी दोन झाडं माझ्याकडं आली होती, दोघांचेही मालक पंधरा-पंधरा दिवस फुटव्याची वाट बघत होते. करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

५. पाणी आणि माती

अगरबत्ती जळून गेल्यावर उरलेली बांबूची काडी घ्या, कुंडीच्या काठाजवळ तीन बोटं आत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओली, गडद निघाली तर आज पाणी नाही. फिकट, जराशी दमट असेल तर पाणी द्या, खालच्या भोकांतून वाहेपर्यंत द्या. माझ्या ओळखीचा नर्सरीवाला अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, “अक्का, नीर कडिमे हाकरी.” पाणी कमी घाला. पावसाळ्यात त्याचं अगदी खरं आहे. मार्च ते मे मात्र उथळ कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, तिथं त्याचं ऐकून झाडं वाळलीत. म्हणून अण्णाचं नको आणि माझंही नको, काडीचं ऐका.

मग निचरा तपासा. एक तांब्या पाणी एकदम ओता आणि मनात आकडे मोजा. दहा म्हणेपर्यंत पाणी वरून नाहीसं व्हायला हवं. तळं साचून राहिलं तर माती गच्च झालीय. बेळगाव-खानापूरची तांबडी माती आणि शेणखत हे मिश्रण गुलाबाला छान, पण उथळ कुंडीत वर्षभरात विटेसारखं बसतं. चिकोडी-निपाणीकडची काळी माती तर त्याहून वाईट: पावसात चिखल, उन्हात भेगा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हवा गेली की पांढरी टोकं कुजतात, आणि मुळं नाहीत तर पानं किती का असेनात, बुंध्याला काही मिळत नाही. निचरा बिघडलेला असेल तर खताची तपासणी सोडून थेट कुंडीच्या तपासणीवर जा.

६. लाल कोळी

पांढरा कागद फांदीखाली धरा, फांदीवर दोन टिचक्या मारा. पडलेले ठिपके नीट बघा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले, आणि बोट फिरवल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो लाल कोळी. अथणीकडचे द्राक्षबागवाले याला चांगले ओळखतात. कोरड्या उन्हाळ्यात, फाल्गुनापासून वळवाच्या पावसापर्यंत, हा फार वाढतो. पानातला रस शोषतो म्हणून पान राखाडी दिसतं, आणि राखाडी पान साखर करत नाही.

पहिला उपाय पाणीच. सलग आठ-दहा दिवस सकाळी नळीनं फांद्यांच्या खालून जोराचा फवारा. त्यानं अर्ध्याहून जास्त काम होतं. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारणी, आठवड्यानं परत, कारण अंड्यांतून नवे निघतात. भर उन्हात तेल मारू नका, पानं भाजतात. घरात पडलेलं कुठलंही कीटकनाशक मारणं तर टाळाच: कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा आहे, त्या औषधानं त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी माजतो.

७. खत

पानं हिरवी, निचरा चांगला, कोळी नाही, कातरणं थांबवलेलं, एवढं जुळलं तरच खत. आजारी मुळांना खत घालणं म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी वाढणं. निरोगी झाडाला मात्र या काळात हात आखडू नका. शेंगदाण्याची किंवा निंबोळीची पेंड चमचाभर, जुन्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून मातीवर ठेवा आणि दर पाच-सहा आठवड्यांनी बदला. मोकळी पेंड पसरली तर उंदीर येतात आणि माती लवकर बसते. शिवाय फेब्रुवारी ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत), लिटरला एक ग्रॅम, आधी माती ओली करून. धो धो पावसात खत देऊ नका, वाहून जातं.

८. कुंडी

इथून पुढं काम जरा अवघड. उथळ सुंदर कुंडी ही बुंधा तयार झाल्यानंतरची गोष्ट आहे. तिच्यात मुळांना जागा कमी, म्हणून पानं कमी, म्हणून लाकूड कमी. बोन्साय लहान राहावं यासाठीच ती कुंडी असते. तिच्याकडून उलटं काम मागून चालत नाही.

मी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली वापरते, फूटभर रुंद, वीतभर खोल. साध्या कुंडीत मूळ काठाला पोचलं की गोल गोल फिरतं. जाळीत ते भोकापाशी हवेला लागून टोकाला सुकतं, मग मागून नव्या बारीक मुळांचा झुबका फुटतो. खाणारी तोंडं तीच. भरायला फुटक्या मंगळुरी कौलांचा किंवा चांगल्या भाजलेल्या विटेचा चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेलं कुजकं शेणखत एक भाग. चुऱ्याचा दाणा ज्वारीपेक्षा बारीक नको, हरभऱ्यापेक्षा मोठा नको. चाळणीखाली पडलेली धूळ टाकून द्या, निचरा तीच बिघडवते.

वेळ संक्रांत ते होळी. पावसाळ्यात बदलणारे लोक आहेत, पण आपल्याकडच्या सततच्या ओलीत नुकतीच कापलेली मुळं कुजलेली मी पाहिलीत, म्हणून मी तो धोका घेत नाही. झाड उपसा, गोल फिरलेली बाहेरची मुळं काडीनं मोकळी करा, फार तर एक तृतीयांश कापा. बुंध्याजवळची जुनी माती सगळी धुऊन काढू नका. निम्मी या खेपेला, उरलेली दोन वर्षांनी. जुन्या मातीत मुळांशी सोयरीक जमवलेली पांढरी बुरशी असते, ती झाडाची मदतनीस आहे, रोग नाही. मग तारेनं झाड टोपलीला घट्ट बांधा. डुगडुगणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात, आणि वर्ष वाया जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. तीन आठवडे विरळ सावली, दीड महिना खत नाही. आणि त्याच मोसमात वरून काहीही कापायचं नाही. मुळांना धक्का दिलाय, पानांना देऊ नका.

निपाणीच्या झाडाला मी दोरी काढली त्या दिवशी टोपलीत घातलं नाही. एक महिना थांबायला सांगितलं, फेब्रुवारीच्या शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं घातलं.

९. त्यागाची फांदी

टोपलीत झाड रुळलं, जोमात आलं, की शक्यतो बुंध्याच्या खालच्या भागातली, मागच्या बाजूची एक फांदी निवडा आणि तिला सोडून द्या. काठीला बांधून उभी करा म्हणजे ती जोरात धावते. तीन-चार फूट होऊ द्या. बुंध्याजवळचा तिचा भाग मोकळा ठेवा, पानांचा झुबका फक्त लांब टोकाला, म्हणजे पुढं बोन्सायमध्ये राहणाऱ्या छोट्या फांद्यांवर सावली पडत नाही. ही फांदी जिथून निघते त्याच्या खालचा बुंधा जाड होतो, वरचा नाही. त्यामुळं बुंध्याला खाली जाड, वर निमुळता असा आकार आपोआप मिळतो. फांदी फार वर निवडली तर सगळं खोड खांबासारखं एकसारखं जाड होईल.

काम झालं की ती एका दिवसात उडवू नका. ज्युनिपरमध्ये ठरावीक मुळाकडून ठरावीक फांदीकडं जाणारी जिवंत शीर असते, फांदी अचानक गेली तर तिच्याखालची सालीची पट्टी सुकू शकते. वर्षभरात दोन-तीनदा पानं कमी करा, मग कापा. दोन बोटं खुंट ठेवून त्याची साल सोलली तर पांढरं वाळकं लाकूड राहतं. जपानी त्याला जिन म्हणतात, आणि ज्युनिपरला ते फार शोभतं.

१०. जमीन

सगळ्यात जलद आणि सगळ्यात कष्टाचा मार्ग. २०१८ च्या फेब्रुवारीत मी एकाच खेपेची दोन रोपं घेतली, दोन्ही आठ मिलिमीटर. एक गच्चीवर उथळ कुंडीत, एक माहेरी खानापूर तालुक्यात भावाच्या परड्यात. २०२३ च्या संक्रांतीला कुंडीतलं तेरा मिलिमीटर होतं आणि जमिनीतलं चौतीस. भावजय त्याला ‘ते तुमचं जंगल’ म्हणायची, डोक्याच्या वर गेलं होतं.

फूटभर उंच वाफा करा, खानापूरच्या पावसात सपाट जमिनीत ज्युनिपर टिकत नाही. मुळांच्या खाली शहाबादी फरशीचा दीड फुटाचा तुकडा आडवा घाला, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात, आणि पुढं झाड काढताना हाल होत नाहीत. काळ्या रानात विटेचा चुरा आणि वाळू निम्म्यापर्यंत मिसळा. उसाचं पाचट बुंध्याला टेकवू नका, वाळवी चढते.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पुढच्यातलं एकही असेल तर स्वतः प्रयोग करू नका.

पानं निस्तेज, ठिसूळ, हातात चुरा होणारी, आणि नखानं साल खरवडली तर आत हिरवं-ओलं नसून तपकिरी. हीच खूण बुंध्याच्या खालच्या भागातही मिळाली तर कुणीही वाचवू शकत नाही. फक्त वरच्या फांद्यांत असेल तर अजून वेळ आहे. मुळं काळी, मऊ, ओढली की साल निघून दोरा उरणारी असतील आणि निम्म्याहून जास्त असतील, तर जाणकार बोन्सायवाल्याकडं त्याच दिवशी न्या.

टोकं तपकिरी होत होत रोग खाली सरकतोय आणि कोळी सापडत नाहीये, तर बुरशी असू शकते. अंदाजानं औषध बदलत बसू नका. आरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, वनस्पतिरोग शिकवणारी माणसं तिथं आहेत. रोगट आणि निरोगी यांच्या सीमेवरची फांदी कागदी पिशवीत घालून दाखवायला न्या, प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजते. रासायनिक कोळीनाशकही कृषी जाणकाराला विचारूनच, मात्रा त्याच्याकडून लिहून घेऊन.

अंगठ्याहून जाड खोड वाकवायचं असेल, बुंध्याला गुटी बांधायची (म्हणजे साल काढून तिथं नवी मुळं फोडायची) असेल, किंवा वर्षानुवर्षं जमिनीत असलेलं झाड उपसायचं असेल, तर ज्यानं हे आधी केलंय असा माणूस शेजारी उभा पाहिजे. माझं चौतीस मिलिमीटरचं झाड काढताना मी बेळगावातल्या एका जुन्या बोन्सायवाल्या काकांना खानापूरला घेऊन गेले. त्यांनी झाड त्या दिवशी काढूच दिलं नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर कुदळीनं अर्धं वर्तुळ मुळं तोडायला लावली, उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी, म्हणजे आत बुंध्याजवळ नवी मुळं फुटतील. मी एकटी असते तर एकाच दिवसात उपसलं असतं.

जाणकाराकडं जाताना झाड कुंडीसकट न्या, मुळं उघडी करून नको. आदल्या दिवशी पाणी द्या, निघताना नको. बुंधा खोक्याच्या दोन भिंतींना सुतळीनं बांधा म्हणजे रस्त्याच्या धक्क्यानं हलणार नाही. आणि मापांची वही सोबत ठेवा. निपाणीचा मुलगा परवा आला तेव्हा त्याच्या वहीत पहिल्या ओळीत घेर २.५ होता, दुसऱ्या ओळीत ३.४. ठिपका त्याच जागी होता, मी बघून घेतलं.